न आलेला वारा

बाबा,

जाऊ का म्हणून आईला विचारलं, तर ती म्हणाली, "माला नको इचारू गो. तुज्या बापाला इचार." एवढं बोलून ती वाल निवडायला बसली. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. तू असताना ती हेच करायची, आणि तुला जाऊन वीसेक वर्षं झाली तरी तिची ती सवय सुटलेली नाही. म्हणून तुला लिहिते आहे. उद्या सकाळपर्यंत मला उत्तर द्यायचं आहे आणि आज दिवसभर माझं बूड एका जागी टेकलेलं नाही. हे चार शब्द लिहितानाही मध्ये दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले.

बसले आहे ती मुरबाड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. तुळशीची लग्नं अजून व्हायची आहेत, त्यामुळे हॉल रिकामा पडलाय, आणि धाकट्याने ओळखीवर किल्ली मिळवून दिली. आता तुझा मांडवाचा धंदा तोच बघतो. फरशीभर एक शीड पसरलंय, केशरी आणि पांढऱ्या पट्ट्यांचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातं आणि तरी एक टोक दुमडून ठेवावं लागतं. कोपऱ्यांवर मी धाकट्याच्या जेवणावळीच्या पातेल्यांची झाकणं ठेवली आहेत, कारण कापड इतकं हलकं की कुणी दार उघडलं तरी उठून बसतं. पंखा लावायची सोय नाही. घाम पुसत शिवायचं. मधोमध एक लांब फाट आहे, माझ्या पसरलेल्या दोन्ही हातांहून मोठी, ती सांधायचं काम आज संपेल. मुंबईत एवढी मोकळी फरशी कोण देणार, म्हणून शीड टेंपोत घालून इथे आणलं. मांडवावर ताणायच्या तुझ्या चांदव्यांना टाके घालत हात बसला, आता हे. फरक एवढाच की तू सरळ टाका घालायला लावायचास, आणि इथे नागमोडी घालावा लागतो, म्हणजे कापड ताणलं की टाकाही त्याच्याबरोबर ताणतो.

तुला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. तू गेल्यावर मी मुंबईला ताडपत्र्या आणि बोटींची आच्छादनं शिवणाऱ्या एका कारखान्यात लागले. तिथे हळूहळू शिडांचं काम हातात आलं. माझ्या लग्नाचा चांदवा तूच ताणला होतास. ते लग्न टिकलं नाही यात चांदव्याचा काही दोष नव्हता, तो फार सुंदर होता. तर एकटी होते, काम भरपूर होतं, आणि एक दिवस एक डॉक्टरबाई शीड दुरुस्तीला घेऊन आल्या. साठी ओलांडलेल्या, दवाखाना बंद केलेला, आणि अलिबागच्या बाजूला खाडीत स्वतःची बोट. शीड शिवून झाल्यावर म्हणाल्या, "नुसतं शिवतेस, कधी हवेत पाहिलंयस का? चल." मी गेले. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक सुट्टीला जाते आहे.

ही बोट तू कधी पाहिली नसशील अशी आहे. ट्रायमरान म्हणतात तिला. मध्ये एक लांब होडी आणि दोन्ही बाजूंना आडव्या दांड्यांवर धरलेल्या दोन बारीक होड्या. साधी शिडाची होडी वारा वाढला की एका अंगावर कलते, भांडी गडगडतात, माणसाला आपोआप समजतं की आता आवरायला हवं. ही कलत नाही. चहाचा कप जागचा हलत नाही. सगळा जोर दोरांत आणि डोलकाठीत गुपचूप साठत जातो आणि ती सांगत काही नाही, म्हणून कुणीतरी दोरावर हात ठेवून बसावं लागतं. वारा पाठीमागून असला की आणखी गंमत. तेव्हा पुढे हे मोठं फुगणारं शीड लावतात आणि बोट वाऱ्याबरोबरच पळायला लागते, त्यामुळे वारा लागतच नाही. पदर हलत नाही, ऊन पाठीवर बसतं, आणि वाटतं की काय शांत दिवस आहे. मागे वळून पाण्याचा रंग बघितला नाही तर कळायचंही नाही की आपण किती जोरात चाललो आहोत.

पहिल्यांदा त्यांनी या शिडाचा दोर माझ्या हातात दिला तेव्हा मी काय केलं असेल? तुझी मुलगी काय करणार? ओढला. आणखी ओढला. कापडावर एकही सुरकुती उरणार नाही तोवर ओढत राहिले, आणि मग मान वर करून समाधानाने बघितलं. ढोलकीच्या पुडीसारखं झालं होतं. सापगावच्या त्या लग्नात तू माझा पहिला चांदवा बघितलास, आठवतं? रात्रंदिवस शिवलेला, गुलाबी आणि पिवळा, मधोमध कमळ. तू खाली उभा राहून एक डोळा बारीक केलास आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास, "झोळ हाय." मी म्हटलं, थोडासाच आहे. "थोरा काय नि मोठा काय. झोळात वारा घर करतो. सोड सगला नि परत बांद." मी रडत रडत एकेका खांबाशी जाऊन सोळा मेढींच्या गाठी पुन्हा बांधल्या. त्यानंतर माझ्या हाताला सैल कापड सहन होत नाही. वाळत घातलेली चादरही मी ताणून बघते.

तर मी ओढत बसले आणि बोट मंदावत गेली. सुकाणूवर डॉक्टरबाई होत्या. त्यांना कळेना काय बिनसलंय.

"किती ओढलंस ते? सोड थोडं."

"सोडलं तर झोळ येईल."

"अगं, येऊ दे की! झोळासाठीच तर शिवलंय ते."

मी वीतभर सोडलं. "आणखी," त्या म्हणाल्या. हातभर सोडलं. शिडाला भलंमोठं पोट सुटलं आणि बोट अशी काही निघाली की मी मागच्या मागे बसले. मग त्यांनी युक्ती सांगितली. सोडत राहायचं, सोडत राहायचं, शिडाची पुढची कड आत दुमडायला लागेपर्यंत. ती दुमडली की जरासंच परत घ्यायचं. वारा सारखा बदलतो, म्हणून हे सारखं करत राहायचं, सोडून बघायचं आणि घ्यायचं. मी तेव्हा हसले, पण मनातून मला तुझा राग आला, बाबा. इतकी वर्षं मला कापडाची अर्धीच गोष्ट सांगितलीस असं वाटलं. मग वाटलं, तुझ्या मांडवाला कुठे जायचं होतं? त्याला मेढींवर उभं राहायचं होतं, लग्न लागेपर्यंत.

मध्ये धाकटा येऊन गेला. टेंपो संध्याकाळी आणतो म्हणाला. शिडाच्या कडेकडेने चप्पल काढून फिरला, वाकून टाके बघितले, मशीनला तेल हवंय म्हणाला. तो या शिडाला फुगा म्हणतो.

"ताई, ह्यो फुगा घेऊन तू खरंच जानार हायस?"

"अजून सांगितलं नाय."

"सीझन तोंडावर आलाय. मानसां सगली वाशिंदच्या कंपनीत गेली. कोन र्‍हानार माज्या मागं? तू नि आय, दोगीच तं हाव मला."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. साध्या आवाजात बोलला. त्याचं खोटं नाही. लग्नसराईत शिवणकाम, मोजमाप, भाड्याच्या माणसांना हाताखाली ठेवणं, हे दरवर्षीसारखं मुंबईहून येऊन मीच बघेन असं तो धरूनच चाललाय. आणि तिकडे डॉक्टरबाईंनाही याच दिवसांत निघायचंय, कारण किनारा मागे पडला की ईशान्येचा वारा याच महिन्यांत पाठीशी मिळतो. मांडवाचे दिवस आणि शिडाचे दिवस एकच, पावसाळा संपल्यावरचे. इथून लक्षद्वीप, तिथून मालदीव, आणि वारा राहिला तर पुढे. होळीपर्यंत परत. बोटीवर त्या, त्यांचा एक जुना मित्र, आणि या शिडाला कुणीतरी. मी नाही म्हटलं तर गोव्याहून माणूस येणार आहे. उद्या सकाळी त्याला कळवायचंय. तोही चांगला असेल.

आई काल दुपारी इथे आली होती. खुर्ची घेऊन शिडाच्या कडेला बसली आणि कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं.

"इतका पातळ? ह्याच्यान बोट वढतं?"

"ओढतं."

"नि काठ दिसतो का गो तिथून?"

"नाही दिसत. खूप दिवस नाही दिसत."

तिने कापडाची कड मांडीवर घेऊन सरळ केली. मग म्हणाली, "तुज्या बापाला एकदा चौपाटीवर न्हेला होता. सगली मानसां पान्यात पाय घालत व्हती नि ह्यो म्हनतो, हितं मेढ कशी रोवायची?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की हॉलचा राखणदार बघायला आला. हसता हसता तिने डोळे पुसले. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, बाबा. धाकट्याची बायको जीव लावते तिला, तसं काळजीचं नाही. पण मी जाताना तिने ओसरीवर एकटीने बसून राहावं, ते मला बघवणार नाही.

आता मुरबाडच्या लग्नाबद्दल लिहायचंय. ते टाळत टाळत इथवर आले.

सिद्धगडाच्या पायथ्याकडचं गाव, वैशाखातलं लग्न. मी मशीनवर बसायला लागून दोनेक वर्षं झाली होती आणि मांडव लावायला तुझ्याबरोबर यायचे. तुझी एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही मांडववाल्याकडे पाहिली नाही. सगळ्या मेढींना दुहेरी गाठ, पण वाऱ्याच्या अंगाच्या एका मेढीला सुटी गाठ, एका हिसक्यात सुटणारी. ती सुटली की त्या बाजूचा सगळा चांदवा तारेवरून सरकत खाली यायचा आणि वाऱ्याला अडायला काही उरायचं नाही. कापड खाली, पण मेढी जागच्या जागी, माणसांच्या डोक्यावर काही नाही. त्या मेढीपाशी तू स्वतः उभा राहायचास, अक्षता पडेपर्यंत आणि पंगती उठेपर्यंत. कुठल्याही लग्नात मी तुला बसून जेवताना बघितलं नाही.

पहिली पंगत बसली होती, वर सापगावचाच माझा गुलाबी-पिवळा चांदवा ताणलेला. वरण वाढून झालं होतं. तू डोंगराकडे बघत होतास. गडाच्या मागचं आभाळ मातकट झालं होतं आणि घारी खाली उतरल्या होत्या. मी काही विचारायच्या आत तू ओरडलास, "उठा! भायेर व्हा सगली!" आणि हिसका मारलास. चांदवा इतक्या आरामात खाली आला, जसं कुणी झोपलेल्या माणसावर पांघरूण घालतंय. पंगतीवर, पत्रावळींवर, वरणात, जिलबीच्या परातीत. माणसं त्याखालून रांगत बाहेर आली. नवरीची आई ओरडत होती. आणि मग सगळे उघड्यावर उभे राहिले, वाऱ्याची वाट बघत.

वारा आला नाही. डोंगराआडून वळून कुठेतरी गेला असेल. झाडाचं पान हललं नाही. वरमामा तुझ्या तोंडासमोर येऊन म्हणाला, "काय रं, याड लागलाय का तुला?" तू सुटा दोर हातात धरून डोंगराकडेच बघत राहिलास. नंतर आपण दोघांनी वरणाने बरबटलेल्या चांदव्याची समोरासमोर उभं राहून घडी घातली, आणि मी रडत होते. टेंपोत तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. "रडू नको. आला आस्ता तं माजं पाय धरलं आस्तं लोकांनी. नाय आला ह्येच बरं झालं." पुढे त्या बाजूला लोक तुला भगत म्हणायला लागले. भगत, आज वारा काय म्हणतोय? तू हसण्यावारी न्यायचास. त्या गावांतून पुन्हा कुणी बोलावलं नाही. आणि तरीही पुढच्या प्रत्येक मांडवाला तू ती एक गाठ सुटीच बांधलीस आणि तिच्यापाशी उभा राहिलास. गेलास तो पावसाळ्यात, ताप डोक्यात जाऊन, खिडकी लावलेल्या खोलीत. कुठल्याही वादळाने तुझं काही बिघडवलं नाही.

ही जी फाट मी आज शिवते आहे ती गेल्या महिन्यातली. परतीच्या पावसाचे दिवस. वारा पाठीमागून, हे शीड भरलेलं, दोर माझ्या हातात. मी मागे बघितलं तर पाणी दूरवर काळं पडत होतं, एका काळ्या ढगाखाली. मी म्हटलं, उतरवूया. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थोडं जाऊ दे गं, काय सुंदर चाललीय." खरंच सुंदर चालली होती. मग तो आला. पाठीवर थंड हात ठेवावा तसा आधी थोडा, आणि मग एकदम सगळाच. वाऱ्याकडच्या अंगाची होडी हलकी झाली, दुसरीचं नाक पाण्याकडे झुकलं. मी काही ठरवलं नाही. हात आपोआप उघडला. दोर सळसळत निघून गेला, शीड सुटून पुढे फडफडलं, डोलकाठीच्या आडव्या दांड्यात अडकलं आणि टर्रकन फाटलं. होडीचं नाक वर आलं. बोट नुसत्या मागच्या शिडावर पळत राहिली आणि थोड्या वेळात तो ढग आमच्यावरून पुढे निघून गेला.

डॉक्टरबाईंनी मागे वळून पाण्याचा रंग बघितला. म्हणाल्या, "तू सोडलं नसतंस तर नाक पाण्यात गेलं असतं. ही बोट एकदा उलटली की उलटीच राहते." मग फाटलेलं शीड आत ओढून घेताना, "शीड काय, शिवता येतं. तू चल माझ्याबरोबर." त्यांना वाटतं मी सावध बाई आहे. त्यांना असं माणूस हवंय ज्याचा हात वेळेवर उघडतो. हा हात तुझा आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय समजलं असतं, त्यांनी तुझा मांडव थोडाच बघितलाय.

पुन्हा उठून आले. शेवटचा टाका पडला. शीड उलटं करून बघितलं, हात फिरवला, कुठे ओढलेलं नाही. सवयीने एक कड ताणून बघितली आणि स्वतःलाच हसले.

तुला विचारायचं म्हणून बसले होते, पण तू काय सांगशील ते मला माहीत आहे. झोळात वारा घर करतो, सैल सोडू नको, हेच. हे पत्र कुठे टाकायचं तोही प्रश्न नाही, कारण टाकायचं नाहीच. आईचं ऐकून तुला विचारलं, पण उत्तरासाठी थांबत नाही. धाकट्याचा टेंपो यायच्या आत डॉक्टरबाईंना फोन करून येते म्हणून सांगणार आहे. मग त्याच्या शेजारी बसून, पुढे बघत, त्यालाही सांगेन. तो वाशिंदच्या फाट्यापर्यंत नुसते गिअर बदलत राहील. त्याला मी दोन शिवणाऱ्या बाया शोधून देईन, आणि होळीनंतर मी आहेच. आईला सांगायची गरज नाही. आज सकाळी मी घरून निघाले तेव्हा तिने माझा स्वेटर मागच्या खोलीतल्या ट्रंकेतून काढून उन्हात घातला होता, तो मी पाहिला.

एकच गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मुरबाडला घडी घालताना मी लाजेने रडते आहे असं तुला वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं. तू डोंगराकडे बघत होतास तेव्हा मीही बघत होते. तो यावा, चांदवा उचलावा, गुलाबी आणि पिवळा सगळा गडाच्या वर न्यावा, एवढंच माझ्या मनात होतं. गेल्या महिन्यात पाठीवर तो थंड हात पडला तेव्हा मला भीती वाटली नाही. आलास एकदाचा, असं वाटलं.

बाबा, मी वारा आला नाही म्हणून रडत होते.